सावित्रीची दरी लाव्ह्याची, पायथ्याचे पाणी गरम. मग खाली ज्वालामुखी आहे का?

बाई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही सांगलीच्या शाळेत भूगोल शिकवता. दिवाळीनंतर नववीच्या मुलींची सहल महाबळेश्वरला नेली आणि आर्थर सीटवरून सावित्रीची दरी दाखवली. गाइड म्हणाला, हे सगळे डोंगर लाव्ह्याचे आहेत आणि खाली महाडकडे गरम पाण्याचे झरे आहेत. त्यावर एका मुलीने विचारले, "म्हणजे ज्वालामुखी अजून खाली जिवंत आहे ना?" तुम्हाला तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही. आता जानेवारीत याच मुलींना घाट उतरून झऱ्यांपर्यंत न्यायचे आहे. तिथे काय दाखवायचे, काय जपायचे, आणि आपल्या सातारा-सांगलीकडे दगड तोच असून गरम पाणी का नाही, हे तुम्हाला हवे आहे.

त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. लाव्हा आणि गरम पाणी या दोन गोष्टी समोर ठेवल्या की कोणीही हाच निष्कर्ष काढेल, आणि तो विचार करूनच काढेल. तरीही उत्तर 'नाही' असे आहे. दरी लाव्ह्याची आहे हे खरे आणि पायथ्याचे पाणी गरम आहे हेही खरे. पण त्या दोघांना जोडणारी गोष्ट आग नाही, भेग आहे. जावळी, पाटण, वाई या भागांत विहिरी आणि पाझर तपासण्यात माझी अठ्ठावीस वर्षे गेली. घाटाखालच्या झऱ्यांचे पाणीही मी अनेकदा मोजले आहे. एवढ्या काळात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

दरीपासून सुरुवात करू. महाबळेश्वरच्या डोंगरावर पाच नद्यांचा उगम मानतात: कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री. त्यांतली सावित्री तेवढी पश्चिमेला उडी घेते. कृष्णा वाईवरून साताऱ्याकडे आणि पुढे तुमच्या सांगलीकडे वळते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री तेवढ्याच उंचीवरून निघते आणि शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर कापून बाणकोट-हरिहरेश्वरच्या खाडीत अरबी समुद्राला मिळते. उतरायचे तेवढेच, पण वाट चौदाव्या हिश्शाची. म्हणून कृष्णेचे खोरे रुंद, सावकाश, शेतीभाती वागवणारे झाले, तर सावित्रीने डोंगर उभा कापला. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस ज्या कड्यावर कोसळतो, तिथे पाण्याला एवढा उतार मिळाल्यावर दुसरे काय होणार? सह्याद्रीची पश्चिम कडा अशीच झिजत झिजत पूर्वेकडे सरकत आली आहे. आज आपण उभे राहतो ती कड तिची आजची जागा आहे, कायमची नव्हे.

आता मुलींना आर्थर सीटवर, म्हणजे जुन्या नावाने मढी महालावर, पुन्हा उभे करा. समोरच्या कड्याकडे 'सुंदर' म्हणून न बघता पायऱ्या मोजायला सांगा. जानेवारीत गवत वाळलेले असते, त्यामुळे पट्टे स्वच्छ दिसतात: एक काळा उभा कडा, त्याखाली पिवळ्या गवताचा किंवा कारवीचा तिरका पट्टा, पुन्हा काळा कडा, पुन्हा पिवळा पट्टा. प्रत्येक जोडी म्हणजे साधारणपणे लाव्ह्याचा एक थर. थराचा मधला भाग सावकाश थंड झाल्याने घट्ट होतो, त्याचा कडा राहतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला असतो, तो लवकर कुजतो आणि त्याचा उतार होतो. आपल्याकडचे विहीर खोदणारे लोक हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. घट्ट भागाला ते काळा पाषाण म्हणतात, सच्छिद्र भागाला मांजऱ्या. पाणी लागणार ते मांजऱ्याला किंवा पाषाणाच्या सांध्याला, हे त्यांना सांगावे लागत नाही. या लाव्ह्याच्या राशीला पुस्तकात 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. त्या नावातला 'ट्रॅप' हा शब्दही स्वीडिश भाषेतल्या पायरीसाठीच्या शब्दावरूनच आला आहे. पुस्तकात ते वाचून पाठ होत नाही, कड्यावर पायऱ्या मोजल्या की विसरत नाही.

हे थर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. मुलींच्या डोळ्यांसमोर ज्वालामुखी म्हटले की शंकूच्या आकाराचा धुमसता डोंगर येतो. आपल्याकडे मुख्यतः तसे नव्हते. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा पुरासारखा पसरत गेला. एक पूर थंड होई, कधी थोड्या तर कधी बऱ्याच काळाने दुसरा येई. आज उरलेला पसारा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरांचा आहे आणि सह्याद्रीत या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरांहून अधिक भरते. आपल्या भागाला यात मानाचे स्थान आहे. या राशीच्या वरच्या भागाला भूवैज्ञानिक वाईचे नाव देतात, आणि त्यातल्या गटांची नावे खालून वर अशी आहेत: पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. म्हणजे तुम्ही पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर चढलात, तर रस्त्याच्या पाट्या वाचत वाचत जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांतली थरांची क्रमवारी तुमच्या गाडीच्या चाकाखालून जाते. साताऱ्याच्या मुलांना हे शाळेत कोणी सांगत नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते.

तर, लाव्हा होता. मग त्याची ऊब आज उरली असेल का? हिशेब करून बघू. तीस मीटर जाडीचा एक थर काही दशकांत निवतो. दोन किलोमीटरांची अख्खी रास धरली तरी तिला थंड व्हायला लाखांच्या घरातली वर्षे पुरतात. आपल्या हातात तर कोट्यवधी वर्षे आहेत. चूल विझून, राख सारवून, त्यावर पुन्हा घर बांधून झाले, एवढा हा काळ आहे.

खाली काय आहे हे केवळ अंदाजाने सांगत नाही. १९६७ च्या डिसेंबरात कोयनेला जो मोठा भूकंप झाला, त्याच्या अभ्यासासाठी कोयना परिसरात खोल छिद्रे घेतली गेली. त्यांतले एक २०१७ मध्ये तीन किलोमीटरांपर्यंत गेले. त्या जागी १,२४७ मीटरांवर काळा पाषाण संपला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा जुना, कठीण खडक लागला. या कामासाठी कराडजवळ हजारमाचीला केंद्रही उभे राहिले. तीन किलोमीटरांपर्यंत वितळलेला दगड कुठेही लागला नाही. कोयनेचे धक्के हे धरणात साठलेल्या पाण्यामुळे खोलवरच्या जुन्या भेगांवर बसणाऱ्या ताणाचे आहेत, ज्वालामुखीचे नव्हेत. पाटण तालुक्यात रात्री भांडी वाजली की म्हातारी माणसे "आत उकळतंय" म्हणतात. त्यांची भीती मी समजू शकतो, ६७ साल त्यांनी अंगावर काढले आहे. पण मुलींना खरे कारण कळलेच पाहिजे.

मग पाणी तापते कशाने? खोलीने. पृथ्वीच्या पोटात जाल तशी उष्णता वाढते, साधारण दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सियस. जुन्या खडकांत युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमचे अंश असतात. त्यांच्या किरणोत्सर्गातून थोडी थोडी उष्णता सतत निघते, आणि पृथ्वीच्या जन्मापासूनची ऊबही अजून खालून वर येत असते. ही उष्णता सांगलीच्या तुमच्या शाळेखालीही आहे. फक्त ती वर आणायला कोणी नाही.

कोकणात ती वर आणायला भेगा आहेत. पश्चिम किनाऱ्याला समांतर असा खचलेला, तडकलेला पट्टा तिथे आहे. पनवेलच्या बाजूला तर लाव्ह्याचे आडवे थर समुद्राकडे वाकलेले स्पष्ट दिसतात. गरम पाण्याचे झरे साधारण याच दिशेने ओळीने लागतात: उत्तरेला पालघर-ठाण्याकडचे सातिवली, गणेशपुरी, वज्रेश्वरी, मग महाडजवळचे सव आणि वडवली, पुढे दापोली तालुक्यातले उन्हवरे, संगमेश्वराकडचे आरवली, तुरळ, राजवाडी, आणि दक्षिणेला राजापूरचे उन्हाळे. नकाशावर या गावांवर टाचण्या लावून दोरा ओढा, मुलींना काही सांगायची गरज राहणार नाही. ज्वालामुखी असता तर झरे एका मध्याभोवती गोळा झाले असते. हे ओळीत उभे आहेत, कारण भेग ओळीत आहे.

पावसाचे पाणी या भेगांतून हळूहळू खाली उतरते, खोलवर तापते, आणि दुसऱ्या एखाद्या मोकळ्या भेगेतून भरभर वर येते. वेग महत्त्वाचा. सावकाश आले तर वाटेतच निवून साधे पाणी होईल. या झऱ्यांच्या पाण्यातल्या हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांचा, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-अधिक वजनाच्या अणूंचा, अभ्यास झालेला आहे, आणि ते पाणी मुळात पावसाचेच असल्याचे त्यातून दिसते. वर्गात फळ्यावर करता येईल असा हिशेब देतो. उन्हवऱ्याचे पाणी ७० अंशांच्या आसपास असते. कोकणात जमिनीलगतचे सरासरी तापमान २७ धरा. फरक ४३. किलोमीटरला ३० अंशांनी वाढ धरली तर पाणी निदान दीड किलोमीटर खाली जाऊन आले पाहिजे. वाटेत ते थोडे निवतेही, म्हणजे प्रत्यक्षात त्याहून खोल. आणखी एक पुरावा पाण्यातच विरघळलेला असतो: गरम पाणी खडकातली सिलिका, म्हणजे वाळूतला मुख्य घटक, जास्त विरघळवते. त्यामुळे झऱ्यातल्या सिलिकेवरून खाली ते किती तापले होते याचा अंदाज बांधता येतो. आमच्या कामात ही युक्ती फार उपयोगी पडते, कारण तळाशी थर्मामीटर सोडायची सोयच नसते.

आता सातारा-सांगलीत असे का नाही? दगड तोच आहे, घाटमाथ्यावर पाऊसही कमी नाही. पण आपल्याकडे वरच्या डोंगरावर पडलेले पाणी फार खोल जाऊ शकत नाही. महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावर जांभा दगड आहे. तो पाणी स्पंजासारखा पितो, पण त्याखालच्या घट्ट थरापाशी ते अडते आणि आडवे वाहत बाहेर पडते. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगेचे पाणी, आर्थर सीटच्या वाटेवरचे टायगर स्प्रिंगचे पाणी, हे असे उथळ फिरून आलेले गार पाणी आहे. कड्याच्या मध्यावर दोन लाव्ह्यांमध्ये विटेसारखा लाल पट्टा दिसतो, त्याच्यावरही बऱ्याच ठिकाणी पाझर असतात. एक थर थंड झाल्यावर हवापाण्याने त्याची माती झाली आणि पुढच्या लाव्ह्याने ती भाजून काढली, तोच हा लाल थर. पाण्याला तो सहसा वाट देत नाही. शिवाय खोल गेलेले पाणी परत वर येताना सर्वांत खालचे दार शोधते. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरांवर आहे, महाड जवळजवळ समुद्रसपाटीला. सावित्रीला भरतीचा परिणाम तिथपर्यंत जाणवतो. सह्याद्रीच्या उंचीचा दाब पाठीशी असलेल्या पाण्याने सातारची वाट का धरावी?

घाटमाथ्याच्या अलीकडे गरम झरे मुळीच नाहीत असा मात्र समज करून घेऊ नका. जळगाव जिल्ह्यातले उनपदेव सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीच्या खोऱ्यातल्या जुन्या भेगांच्या पट्ट्यात आहे. नांदेडच्या किनवटकडे उनकेश्वर आहे. नियम तोच, जागा वेगळी. आणि गावांची नावे बघा: उन्हाळे, उन्हवरे, उनपदेव, उनकेश्वर. आपण घरात 'ऊन ऊन पाणी' म्हणतो त्यातला 'ऊन' इथे गावाला चिकटला आहे. 'उन्हाळे' म्हणजे गरम पाण्याचा झरा, असा शब्दच जुन्या मराठीत आहे. भूगोल आणि मराठीच्या बाईंनी मिळून एक तास घ्यावा असा हा विषय आहे.

एक अनुभव सांगतो, कारण सहलीवरून परतल्यावर मुली तुम्हाला हाच प्रश्न गावातल्या विहिरीबद्दल विचारतील. जावळी तालुक्यातल्या एका वस्तीवरून एकदा निरोप आला की विहिरीला गरम पाणी लागले आहे, वाफ येते, लोक घाबरले आहेत. डिसेंबर होता. मी पहाटे साडेपाचला पोहोचलो. विहिरीवर खरोखरच पांढरी वाफ तरंगत होती आणि हात बुडवला तर पाणी ऊबदार लागत होते. थर्मामीटर दोरीने सोडला, पाच मिनिटे ठेवला: २४ अंश. बाहेर हवा ९ अंश. मी तिथेच थांबलो, चहा झाला, भाकरी झाली. दुपारी दीड वाजता त्याच माणसांना पुन्हा हात बुडवायला लावला. सगळे म्हणाले, "गार झालं की!" थर्मामीटर पुन्हा २४ अंशांवर. पाणी बदलले नव्हते, हवा बदलली होती. जमिनीखाली काही मीटरांवर तापमान वर्षभर जवळपास सारखे राहते, म्हणून विहीर थंडीत ऊन लागते आणि उन्हाळ्यात गार. वस्तीवरच्या एका आजींनी तो थर्मामीटर हातात घेऊन बराच वेळ निरखून पाहिला आणि म्हणाल्या, "म्हंजे विहीर खरं बोलती, हातच खोटं बोलतो." तेव्हापासून मी कुठेही नुसत्या हाताच्या स्पर्शावर पाण्याला गरम म्हणत नाही. परिसराच्या सरासरी तापमानापेक्षा पाणी बऱ्यापैकी जास्त, आणि सकाळ-दुपार-पावसाळा-उन्हाळा तेवढेच राहत असेल, तरच तो गरम झरा.

खरोखर ज्वालामुखीच्या आगीवर तापणारी नदीची घळई कशी असते, हे दाखवायचे असेल तर अमेरिकेतल्या यलोस्टोन नदीचे छायाचित्र मुलींना दाखवा. तिथला शेवटचा महास्फोट ६ लाख ४० हजार वर्षांपूर्वीचा, म्हणजे आपल्या लाव्ह्याच्या मानाने अगदी कालपरवाचा, आणि खाली वितळलेल्या दगडाचा साठा आजही आहे. तिथले गरम पाणी आणि वाफ खडकातून लाखो वर्षे फिरल्याने खडक शिजून मऊ झाला आहे, पिवळा, केशरी, गुलाबी पडला आहे. त्या मऊ झालेल्या खडकातच नदीने सुमारे ३०० मीटरांहून खोल दरी कोरली. म्हणजे तिथे गरम पाण्याने दरीला हात दिला. सावित्रीची दरी पाहा: काळी, टणक, थरांची. तिला कोरणारे पाणी गार होते, पावसाचे होते. मुलींसमोर ही दोन चित्रे शेजारी ठेवलीत तर "खाली ज्वालामुखी आहे का?" याचे उत्तर त्या कड्याच्या रंगावरूनच देतील.

आता सहलीचे. वाई, पाचगणी, महाबळेश्वर करून पहिली सकाळ आर्थर सीटवर घालवा. धुके उतरायच्या आत, म्हणजे साडेआठपर्यंत पोहोचलेले बरे. तिथला वारा दरीतून वर येतो, हलकी टोपी टाकली तर परत फेकतो. मुली त्यात रमतात आणि कठड्याकडे सरकतात, तेव्हा एक शिक्षिका फक्त तेवढ्यावर लक्ष ठेवायला हवी. नंतर आंबेनळी घाट. महाबळेश्वर ते पोलादपूर साधारण ४० किलोमीटर, पुढे महाड वीसेक. घाटात गाडी हवी तिथे उभी करू नका. रुंद, मोकळी जागा असेल तिथेच थांबा. कापलेल्या दरडीला हात लावायला जाऊ नका. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत हा घाट अनेक ठिकाणी खचला होता आणि बरेच दिवस बंद होता. पावसाळ्यात मुलींना या घाटाने मुळीच नेऊ नका, तुम्ही जानेवारी निवडला आहे तो योग्यच आहे.

घाटात एक गोष्ट मात्र जवळून दाखवाच. सुरक्षित जागी, रस्त्यालगत पडलेल्या दगडांत बुडबुड्यांची भोके असलेला एक दगड शोधा. काही भोके रिकामी असतील, काहींत पांढरे, गुलाबीसर किंवा हिरवट स्फटिक भरलेले असतील. लाव्हा निवत असताना आणि नंतरही त्यातून फिरणाऱ्या गरम पाण्याने ही भोके भरली. त्या मुलीला सांगा, "तू विचारलेले लाव्ह्याचे गरम पाणी होते, आणि हा त्याचा पुरावा आहे. फक्त ते कोट्यवधी वर्षांपूर्वीच निवले." एखाद्या थराच्या तळाशी बोटाएवढ्या उभ्या नळ्यांची रांगही दिसते, ओल्या जमिनीवरून लाव्हा गेला की खालची वाफ अशी वर घुसते. नळ्या एका बाजूला वाकलेल्या असतील तर लाव्हा त्या दिशेने वाहत होता. भिंतीतले स्फटिक छिन्नीने काढू देऊ नका. मी विद्यार्थी असताना जिथे मूठभर स्फटिकांचा सुरेख कोनाडा पाहिला होता, तिथे पाच वर्षांनी फक्त हातोड्याच्या खुणा उरल्या होत्या. ते मला अजून खुपते.

झऱ्यांपाशी गेल्यावर आधी बघा, मग मोजा, मग पाय बुडवा, हा क्रम ठेवा. कुंडाच्या तळातून वर येणारे बुडबुडे उकळीचे नसतात. उकळीला १०० अंश लागतात, इथे तेवढे तापमान नाही. ते खोलवरून पाण्यासोबत आलेल्या वायूचे आहेत, आणि कोकणातल्या झऱ्यांत त्यात नायट्रोजनच मुख्य असतो. कुजलेल्या अंड्यासारखा वास आला तर तो गंधकाच्या वायूचा, त्याचे प्रमाण अगदी कमी असले तरी नाकाला कळते. पाणी बाहेर वाहते त्या पाटाच्या कडेने हिरवे, तपकिरी शेवाळासारखे थर असतात. झऱ्याच्या तोंडापासून पाच-पाच पावलांवर तापमान मोजत गेलात तर थरांचा रंग तापमानाबरोबर बदलतो का, हे मुलींना स्वतः शोधता येईल. कागदावर दोन रकाने पुरतात.

अंघोळीबद्दल लोक फार विचारतात. गरम पाण्याने सांध्यांना आराम मिळतो, हे खरे. त्वचेचा रोग बरा होतो, हे मी सांगणार नाही. कातडीचा आजार असेल तर डॉक्टरकडे जावे. पाणी ४० अंशांच्या वर असेल तर लहान मुलींनी पाच-दहा मिनिटांहून जास्त बसू नये, चक्कर येते. साठच्या आसपासच्या कुंडात तर पायही घालू नये, क्षणात भाजते. हात लावण्याआधी थर्मामीटर लावा. डोके पाण्याखाली घालू देऊ नका आणि नाकात पाणी जाऊ देऊ नका. कोमट गोड्या पाण्यात एक दुर्मीळ पण जीवघेणा अमीबा असू शकतो, तो नाकावाटे मेंदूत जातो. भीती घालायला नाही, तर फक्त एवढे पाळावे म्हणून सांगतो. पाणी पिऊ नका, खोलवरच्या पाण्यात क्षार आणि फ्लोराइड जास्त असू शकतात. साबण, शांपू कुंडात नकोच. अनेक कुंडे देवस्थानाच्या आवारात आहेत, तिथले नियम आधी विचारा, आणि बायकांसाठी वेगळे कुंड आहे का याचीही चौकशी करा.

झऱ्यांच्या भोवती एक गोष्ट घडते आहे, ती मुलींच्या कानावर घाला. झऱ्याचे तोंड सिमेंटने बांधून 'सुशोभित' केले की पाणी कधी कधी दुसरीकडून फुटते किंवा कमी होते. भेग आपल्या नकाशाप्रमाणे वागत नाही. जवळ खोल बोअर मारले तरी तोच धोका. दीड किलोमीटर खाली जाऊन आलेले पाणी एका मिस्त्रीच्या चुकीने बंद पडू शकते. तुमच्या ओळखीत कोणी कुंड बांधायला निघाले असेल तर आधी वर्षभर पाण्याची पातळी, तापमान आणि प्रवाह मोजायला सांगा. मग बांधकाम झऱ्याच्या तोंडापासून दूर ठेवा.

जाताना सोबत साधा काचेचा नव्हे, तर धातूच्या दांडीचा स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर घ्या. काचेचा गरम-गार होताना तडकतो आणि पारा सांडला तर कुंडच बाद होते. उकळत्या पाण्यात आणि बर्फाच्या पाण्यात तो घरीच तपासून घ्या. सांगलीत पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळेल, महाबळेश्वरला तेच ९५-९६ ला उकळते, तेव्हा हॉटेलच्या चहावर तपासू नका. सवला किंवा वडवलीला पोहोचल्यावर प्रत्येक मोजमापाशेजारी वेळ, हवेचे तापमान आणि कुंडात कुठे मोजले ते लिहायला लावा. टायगर स्प्रिंगचे आणि तुमच्या शाळेजवळच्या एखाद्या विहिरीचेही तापमान त्याच थर्मामीटरने घ्या, म्हणजे तुलना होईल. वही तयार झाली की मला त्या मुलीचे आकडे पाठवा. मे महिन्यात मी पुन्हा खाली उतरणार आहे, तेव्हा त्याच जागी मोजून कळवीन.